बाल्कनीतला तिसरा टेक

"बाई, ओरडण्याआधी आपण जरा बोलूया का?" असं एका मुलीने मला विचारलं तेव्हा मला हसूच आलं. आयुष्यभर मी वर्गात ओरडले, हौशी रंगभूमीवर ओरडले, आणि त्याआधी कुणी माझ्याशी बोलत बसल्याचं मला आठवत नव्हतं.

ही मुलगी सिनेमाची दिग्दर्शिका होती. डोंबिवलीच्या ज्या शाळेत मी मराठी शिकवलं, तिथे ती माझ्या वर्गात होती, म्हणून अजूनही मला 'बाई' म्हणते. मराठीच्या तासाला ती खिडकीबाहेर बघायची एवढंच मला आठवत होतं. आता तिशी ओलांडल्यावर ती आपला पहिला मोठा सिनेमा करत होती आणि त्यातली आई मी करावी असा तिचा हट्ट होता. मी लगेच हो म्हटलं. निवृत्त माणसाला कुणी हट्टाने बोलावलं की फार बरं वाटतं.

सिनेमातली ही आई हळूहळू सगळं विसरत चाललेली आहे. मुलगा एकटाच तिचं करतो. करतो, दमतो, पुन्हा करतो. एक दिवस त्याचे साहेब बायकोला घेऊन जेवायला येणार असतात आणि आई ओल्या गाऊनमध्ये घरभर फिरत असते. बेल वाजायच्या आत तो तिला स्वयंपाकघरातून ओढत बाल्कनीत नेतो आणि सरकतं दार लावून घेतो. ती काचेवर हात आपटून त्याच्या नावाने हाका मारते. बस, एवढाच सीन. यात वाईट माणूस कुणीच नव्हता, आणि म्हणूनच तो मला भयंकर वाटला. पहिल्यांदा वाचला तेव्हा मी कागद पालथे घातले आणि उठून चहा टाकला.

माझा स्वतःचा मुलगा ठाण्याला वर्तकनगरात राहतो. त्याच्याबद्दल इथेच सांगून टाकते, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे. अत्यंत मऊ माणूस. झुरळ दिसलं तर केरसुणीवर घेऊन खिडकीबाहेर सोडतो आणि वर त्याला "जा बाबा" म्हणतो. त्याला एकच खोड, घाई. माझ्याबरोबर चालताना तो माझा हात धरत नाही, मनगट धरतो आणि "आई, चल पटकन" म्हणत ओढत नेतो. तक्रार तरी कुठल्या तोंडाने करणार? तो लहान असताना मीच त्याला असं मनगट धरून शाळेत नेत असे.

शूटिंग आमच्या घराजवळच्याच एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये होतं. बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, कोपऱ्यात सुकलेली तुळस, सगळं आमच्या घरातल्यासारखंच. सिनेमातला मुलगा विठ्ठलवाडीहून यायचा. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, एकांकिका करून तयार झालेला, खांद्याने रुंद आणि स्वभावाने गाय. पहिल्या दिवशी त्याने मला वाकून नमस्कार केला, मी तोंडभर आशीर्वाद दिला, आणि आमचं जमलं.

दिग्दर्शिकेच्या पद्धती मात्र माझ्या पचनी पडेनात. सीनच्या आदल्या आठवड्यात तिने आम्हा दोघांना बोलावलं आणि नुसतं मनगट धरून चालायला लावलं. हळू, मोजूनमापून, नाच बसवतात तसं. तिचं म्हणणं, मुलाने मनगटावर बोटं नुसती ठेवायची. ओढ मी लावायची. म्हणजे बघणाऱ्याला वाटणार तो मला ओढतोय, पण पाय माझे, वेग माझा, आणि मी थांबले की त्याने थांबायचं. गंमत वाटली मला. माझ्या गाऊनच्या आत गुडघ्यांना जाड पट्टे बांधले होते. शिवाय एक शब्द ठरला. सीनमध्ये मी कितीही रडले, "सोड" म्हणाले, तरी तो अभिनय. पण "कांदेपोहे" म्हणाले की सगळं जागच्या जागी बंद.

"अगं, रडता रडता कांदेपोहे म्हणू?" मी म्हटलं.

"म्हणूनच तो शब्द घेतलाय ना बाई. चुकून तोंडातून येणारच नाही."

मला वाटलं, आपली जुनी बाई म्हणून ही पोरगी माझे लाड करतेय. आमच्या काळात असं काही नव्हतं. शाळा सुटली की तालीम, आणि तालमीत आमचे दिग्दर्शक नाटकाची वही फेकून मारायचे. एकांनी तर डोळ्यांत पाणी यावं म्हणून विंगेत मला खाडकन थोबाडीत दिली होती आणि मग रंगमंचावर ढकललं होतं. पाणी आलं. प्रयोग संपल्यावर मीच त्यांना थँक्यू म्हटलं. आम्ही त्याला शिस्त म्हणायचो. पायाचं बोट सुजून वांगं झालेलं असताना मी अख्खा प्रयोग केला आहे. काहीही होवो, सीन तोडायचा नाही, एवढं एकच आम्हाला शिकवलं होतं आणि ते माझ्या हाडांत मुरलं होतं.

सीनचा दिवस उजाडला. तिने फ्लॅटमधून सगळी फालतू माणसं बाहेर काढली. शूटिंग बघायला खुर्ची घेऊन आलेले सोसायटीचे सेक्रेटरीही त्यात होते. "आमचीच सोसायटी आणि आम्हीच बाहेर?" असं जिन्यात बराच वेळ चाललं होतं. आत कॅमेरामन, साउंडवाला, ती आणि आम्ही दोघं.

सुरू करायच्या आधी तो मुलगा सवयीने माझ्या पाया पडायला वाकला. तिने त्याला मध्येच थांबवलं.

"आत्ता नको."

"अगं असू दे," मी म्हटलं. "हातून काही कमीजास्त झालं तर, म्हणून करतात. पद्धत आहे आपली."

"माहितीये बाई. तेच नकोय मला. त्याने आधीच माफी मागून ठेवली, तुम्ही आशीर्वाद देऊन टाकला, की मग त्याचा हात सैल सुटणार आणि तुम्हाला थांब म्हणायची लाज वाटणार. त्याने नमस्कार करायचा नाही, विचारायचं. प्रत्येक वेळी."

मग तो विचारायला लागला. कानाच्या पाळ्या लाल करून, माझ्या गाऊनच्या बटणांकडे बघत. "काकू, मनगट धरू?" "चालेल." "काकू, दाराशी थोडं ढकलू?" "चालेल रे." "दार लावू?" "चालेल, चालेल, लाव एकदाचं." मी वैतागले होते. चार दशकांत माझ्या पाया पडून लोकांनी मला स्टेजवर केस धरून फरफटवलं होतं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

पहिला टेक मी दणक्यात केला. शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे, अशी सवय. काचेवर हात आपटले, हंबरडा फोडला, जिन्यातला सेक्रेटरींचा आवाजसुद्धा बंद झाला. "कट" झाल्यावर दिग्दर्शिका धावली ती माझ्याकडे नाही, त्या मुलाकडे. त्याला पाणी दिलं, पाठीवर हात ठेवून कोपऱ्यात नेलं, काहीतरी विचारलं. मी बाल्कनीत तशीच उभी. मला चक्क राग आला. म्हटलं, वा गं वा, कोंडून मला घातलंय आणि पाणी त्याला!

मग ती माझ्याकडे आली. "बाई, छान. एकदा अजून करूया? थोडं कमी." थोडं कमी म्हणजे काय ते मला कळलं. अभिनय दिसत होता.

"आणि त्याला काय झालं गं एवढं?" मी विचारलं.

"त्याची आई घरी असते एकटी. दार लावल्यावर त्याचा हात दारावरून निघेना. तुम्ही नाटक करत होतात बाई, तो करत नव्हता."

थोबाडीत मारणाऱ्याचाही हात नंतर दुखत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

दुसऱ्या टेकला दार अर्ध्यावर अडकलं. तिसऱ्याच्या आधी ती त्या मुलाला म्हणाली, आणि मी ते ऐकलं, "तू चिडून बोलतोयस. राग नकोच आहे. तुला उशीर होतोय, एवढंच. नुसती घाई कर."

त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा चालेल म्हटलं, आणि सीन सुरू झाला. त्याने माझं मनगट धरलं. हलकेच, ठरल्याप्रमाणे. पण या वेळी बोटांत राग नव्हता. "चल ना आई, पटकन," तो म्हणाला. वाक्य लिहिलेलंच होतं, मी ते कितीदा वाचलं होतं. पण ती पकड माझ्या ओळखीची होती. अंगठा नाडीवर, पुढे बघत, मागे न बघता. मी त्याच्यामागे चालले, ओढ लावायचंही विसरले. मागे दार सरकल्याचा आवाज आला. काचेपलीकडे त्याची पाठ दिसत होती. मी हाक मारली.

सिनेमातल्या मुलाचं नाव माझ्या तोंडून आलंच नाही. माझ्या मुलाचं आलं. घरातलं, आम्हीच ठेवलेलं, जे त्याच्या बायकोलाही लग्नानंतर कळलं. एकदा नाही, सारखं तेच. मुलगा लहान असताना कल्याणला एका जत्रेत हरवला होता, तेव्हा मी त्याला ज्या आवाजात शोधलं होतं, तोच हा आवाज. तो माझ्या घशात अजून शिल्लक आहे हे मला माहीत नव्हतं. कांदेपोहे हा शब्द जगात आहे हेही मला त्या क्षणी आठवलं नसतं.

"कट! कट, थांबा!" दिग्दर्शिकाच ओरडली, आणि तिनेच येऊन दार सरकवलं.

कॅमेरामन म्हणाला, "अरे काय करताय, सोनं चाललेलं!" तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. मुलगा जाईना, त्याला वाटलं काकूंना लागलं. "नाही रे लागलं," मी म्हटलं तेव्हा गेला. मग ती माझ्याशेजारी बाल्कनीत फरशीवरच बसली. खाली भाजीवाला ओरडत होता. मी गाऊनच्या बाहीने नाक पुसलं. शाळेत मुलींना यासाठी बोलत असे मी.

"ते नाव तुमच्या मुलाचं ना?" तिने विचारलं.

मी मान हलवली.

"खोटं बोलणार नाही बाई. शॉट जबरदस्त आहे. मी थांबवायच्या आधी लागतं तेवढं सगळं आलंय. नाव डबिंगमध्ये बदलता येईल, कुणाला कळणारही नाही. पण हे मी लिहिलेलं नव्हतं. हे तुमच्या घरातलं होतं. ते मला द्यायचं का, हे तुम्ही सांगायचं."

"चालेल," मी म्हटलं. तोंडाला सवयच तशी. चहा गार झाला तरी चालेल, सुट्टीच्या दिवशी परीक्षेचं काम आलं तरी चालेल, सासरी-माहेरी, शाळेत, तालमीत, सगळीकडे चालेल.

"चालेल नको बाई. हो किंवा नाही."

मी विचार केला. अगदी मनापासून केला, कारण मला तो शॉट हवा होता. लपवत नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी काहीतरी खरं केलं होतं, आणि ते पडद्यावर सगळ्यांना दिसलं असतं. लोकांनी म्हटलं असतं, ही बाई इतकी वर्षं होती कुठे? पण सिनेमा माझा मुलगाही बघणार होता. नाव बदललं म्हणून काय झालं, हा आवाज त्याने जत्रेत ऐकलेला आहे. तो ओळखणारच. घरी जाताना तो मला विचारेल, "आई, तुला माझी भीती वाटते?" वाटत नाही. देवाशपथ वाटत नाही. माणूस जरा घाईचा आहे, एवढंच. पण पडद्यावर ते बघितल्यावर त्याला हे कसं पटवू? पुढे तो काही बोलणार नाही, आणि त्या दिवसापासून माझं मनगट धरायचं सोडून देईल.

"नाही," मी म्हटलं.

"मग पुन्हा एकदा करायचा?"

"नाही. आज नाही, उद्याही नाही. मला जमणार नाही हे पुन्हा." बोलून गेले आणि मलाच धक्का बसला. सीन तोडायचा नाही म्हणणारी मी, मी तो तोडलाच होता, वर जोडूनही देत नव्हते.

तिने एकदा डोळे मिटले. मग म्हणाली, "ओके. तो शॉट मी वापरणार नाही." आणि उठून बाहेर जाऊन तिने पॅकअप सांगितलं. ऊन अजून चांगलं होतं. फ्लॅट संध्याकाळपर्यंत आमच्याकडे होता. कॅमेरामनने हात हवेत उडवले. ती त्याला काहीही समजावत बसली नाही, आणि मला एकदाही "बाई, सिनेमासाठी" असं म्हणाली नाही. तिने म्हटलं असतं तर मी विरघळले असते, आणि तिला ते माहीत होतं. एकदाच मी तिला पाठमोरी पाहिली. स्वयंपाकघरात उभी राहून ती एक वायर गुंडाळत होती, जी गुंडाळणं तिचं कामच नव्हतं. तिच्या हातचं काय गेलं ते मला कळत होतं. मला वाईट वाटलं, पण मी शब्द फिरवला नाही.

तो विठ्ठलवाडीचा मुलगा दाराशी घुटमळत होता. "काकू, सॉरी हां. माझं काही चुकलेलं का?"

"तुझं काही चुकलं नाही. ये इकडे. आता कर नमस्कार."

तो वाकला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आता त्या आशीर्वादातून कुणालाच आगाऊ माफी मिळवायची नव्हती. "घरी गेलास की आईशी बोल जरा," मी म्हटलं. "उशीर होत असला तरी."

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शिकेचा फोन आला. मी मनाची तयारी करून उचलला. म्हटलं, आता गळ घालणार, एकदाच, शेवटची. तिने विचारलं, मनगट दुखतंय का, झोप लागली का. मग म्हणाली, "ठेवते बाई." बाकी काही नाही.

सिनेमा तयार व्हायला पुढचा पावसाळा गेला. मग एका रविवारी सकाळी ठाण्याला एका छोट्या थिएटरात काम केलेल्यांना आणि त्यांच्या घरच्यांना दाखवायचं ठरलं. सुनेला आणि नातीला क्लासच्या परीक्षेमुळे जमलं नाही. मी आणि मुलगा, दोघंच गेलो. मुलाने पॉपकॉर्न घेतले. मी एकही दाणा खाल्ला नाही. पोरीने शब्द दिला होता हे खरं, पण सिनेमा एकट्या दिग्दर्शकाचा नसतो. कुणी पैसे घातलेले असतात, कुणी एडिटिंगला बसलेलं असतं. कुणीतरी तो शॉट बघितला असेल, कुणीतरी तिला वेड्यात काढलं असेल. नाव बदलून टाकलं असेल तर मला कळणार कधी? थेट इथेच, मुलाच्या शेजारी बसून, अंधारात.

पडद्यावर ओला गाऊन आला. मुलाने पॉपकॉर्न खायचं थांबवलं. पडद्यावरच्या मुलाने मनगट धरलं, दार सरकलं, आणि मी हंबरडा फोडला. दणदणीत, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा. पहिला टेक! माझा जीव भांड्यात पडला. काचेवर हात कसे आपटले होते मी, जणू दहीहंडी फोडायची होती. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी जागेवरच थोडी चुळबुळ केली. खोटं वाटत होतं ते, कुणालाही कळावं इतकं. तिलाही कळत होतंच. तरी तिने तो टेक ठेवला होता, आपल्या पहिल्या मोठ्या सिनेमाच्या ऐन मध्यावर, स्वतःच्या नावाखाली.

संपल्यावर ती बाहेर दाराशी उभी होती. लोक तिचे हात हातात घेत होते. कुणीतरी म्हणत होतं, "तेवढा बाल्कनीचा सीन थोडा सांभाळायला हवा होता." ती म्हणाली, "हो ना, राहिलंच ते," आणि त्या माणसाच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. मी तिच्याजवळ गेले. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं, पण ऐन वेळी नुसताच तिचा गाल थोपटला. ती शाळेतल्यासारखं हसली.

रस्त्यावर आल्यावर मुलगा म्हणाला, "आई, मस्त काम केलंस गं तू. खरंच. मला तर रडू येत होतं. फक्त तो बाल्कनीचा सीन... रागवू नकोस हां, तो थोडा नाटकी झाला ना? बाकी सगळीकडे कसली खरी वाटतेस."

"झाला ना?" मी म्हटलं. "मलाही वाटलं तसं."

"असू दे, एवढं काही नाही." सिग्नल बदलत आला होता. त्याने माझं मनगट धरलं, अंगठा नाडीवर. "आई, चल पटकन."

मी चालले त्याच्यामागे.